आधी कोणी वाजवायचं

आमच्या घरात सगळ्यांना सूर होता, मी सोडून. आज हे मी हसत सांगते, पण तेव्हा ती हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. पाहुणे आले, चहा झाला, की कोणीतरी माझ्या हनुवटीला हात लावून विचारायचं, “आणि ही काय करते? गाते की वाजवते?” मग आई घाईघाईनं सांगायची, “तिचं पाठांतर फार छान आहे.” पाठांतर खरंच छान होतं. पण ग्वाल्हेरातल्या मराठी घरात, तेही गाण्याबजावण्याच्या घरात, मुलीचं पाठांतर छान आहे असं सांगणं म्हणजे तिच्याबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही नाही हे कबूल करणंच होतं. पाहुण्यांनाही ते कळायचं. ते माझ्या गालावर हलकी चापटी मारून दुसरा विषय काढायचे.

पाटणकर बाजाराच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर आमच्या भाड्याच्या तीन खोल्या होत्या. खाली लालाजींचं पितळेच्या भांड्यांचं दुकान. घरात सगळ्यांच्या आधी जाग यायची ती तात्यांच्या सारंगीला. तात्या म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, रस्त्याकडची खोली त्यांची. सारंगीला वाजवायच्या तारा तीनच, पण त्यांच्याखाली तरफांच्या तीसेक बारीक तारा असतात. त्यांना कोणी हात लावत नाही; वरची तार वाजली की त्या आपोआप घुमतात. त्या सगळ्या रोज सुरात लावाव्या लागतात, आणि तात्यांना एकही तरफ केसभर उतरलेली चालत नसे. त्यामुळे माझ्या लहानपणीची सकाळ म्हणजे कुठला राग-बिग नव्हे, नुसतं टुंग, टुंग, खुंटीची किरकिर, पुन्हा टुंग. त्यात आईच्या स्टोव्हची घरघर, मागच्या खोलीतून बाबांचं व्हायोलिन, आणि थोड्या वेळानं खालची ठोकाठोकी. ती सुरू झाली की तात्या खिडकीतून वाकून ओरडायचे, “लालाजी, आज आपकी परात थोड़ी चढ़ी हुई है!” लालाजी खालून म्हणायचे, “उतार देंगे पंडितजी, आप पहले चाय पी लो!” हा संवाद रोजचा होता आणि रोज दोघंही नव्यानं हसायचे.

तात्यांनी लग्न केलं नव्हतं, म्हणजे झालं नव्हतं. आमच्या लोकांत मुलगा गात असला तर कौतुक, तबला वाजवत असला तरी चालून जायचं, पण सारंगी म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे कुठल्यातरी माडीवरचं नको ते चित्र उभं राहायचं. तात्या मात्र तरुणपणी एका म्हाताऱ्या खाँसाहेबांच्या दाराशी जाऊन बसले ते बसलेच. आजोबांनी बोलणं टाकलं, आजीनं उपास केले, तात्या रोज संध्याकाळी खाँसाहेबांकडे. “सारंगीवाल्याला कोण मुलगी देणार?” हे वाक्य आमच्याकडे इतक्यांदा बोललं गेलं होतं की शेवटी तात्या स्वतःच ते म्हणून आमटीचा भुरका मारायचे. आमटीवर त्यांचा फार जीव. रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या हलवायाकडची बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि आलूची रस्सेदार सब्जी आम्ही सगळे तुटून पडून खायचो, तात्या मात्र एक बेडई खाऊन हात आखडता घ्यायचे, का तर दुपारच्या आमटीला पोटात जागा हवी. त्यांच्या नखांच्या मुळाशी घट्टे होते, कारण सारंगीची तार बोटाच्या पेरानं नाही, नखाच्या कडेनं दाबतात. बोटं सरकावीत म्हणून ते हाताला पावडर लावायचे. कोणाच्या अंगाला तो पावडरीचा वास आला की मला आजही तात्या आठवतात, आणि मग समोरचा माणूस उगीचच भला वाटायला लागतो.

शहराच्या लष्कर भागात कोणाकडे मैफल असली की गवयाच्या मागे उजवीकडे तात्या आणि डावीकडे बाबा. तात्यांनीच बाबांना व्हायोलिन शिकवलेलं, स्वतःला ते वाजवता येत नसताना. नुसतं गाऊन आणि टपल्या मारून. गवयानं तान घ्यावी, तात्यांनी ती जशीच्या तशी सारंगीवर काढून दाखवावी, लोकांनी मान डोलवत गवयाला “वाह!” म्हणावं आणि गवयानं कपाळाला हात लावून ती दाद घ्यावी. तात्यांची तक्रार नव्हती, निदान आम्हाला ऐकू येईल अशी तरी. पण एकदा घरी परतताना मी विचारलं होतं, “तात्या, तुम्ही एकटे केव्हा वाजवणार?” तर ते म्हणाले होते, “सकाळी वाजवतो की, लालाजींबरोबर.” बाबा तेव्हा हसले नव्हते, एवढं मला चांगलं आठवतं.

बाबा मुलींच्या शाळेत संगीताचे मास्तर होते; खालच्या वर्गांत मुलगेही असत. मीही त्याच शाळेत, सातवीत. एका रविवारी ते मला घेऊन फूलबागेच्या बाजूला राहणाऱ्या सुभेदारकाकांकडे गेले. सुभेदारकाका जुन्या संस्थानी फौजेच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून तलवार घेऊन आले, आमचे पळी-पंचपात्र घेऊन, असं ते गमतीनं म्हणत. बँड मोडला तेव्हा कोणाला बॅटन मिळालं, कोणाला गणवेश; यांना एक ग्रामोफोन आणि काही तबकड्या मिळाल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी एक विलायती तबकडी लावली. ती खास लहान मुलांसाठी केलेली होती. आधी सगळी वाद्यं मिळून एक चाल वाजवतात, मग तीच चाल एकेक वाद्य एकट्यानं वाजवतं, मधे एक माणूस बोलून ओळख करून देतो: ही बासरी, हे आता मोठं व्हायोलिन, हा ढोल. आणि शेवटी सगळी पुन्हा एकमेकांच्या मागे धावत येऊन एकत्र होतात. मला त्यातलं इंग्रजी ओ की ठो कळलं नाही, पण कोण वाजवतंय हे कळत होतं, आणि बेसूर माणसाला तेवढं कळलं तरी फार असतं. बाबांनी तबकडी पुन्हा लावायला सांगितली. मग पुन्हा. सुभेदारकाकू पोह्यांच्या बशा घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

परतताना बाबा एकदम म्हणाले, “मालू, यात गवई नाहीये. बघितलंस? कोणी कोणाच्या मागे बसलेलं नाही.” परवा माझ्या शाळकरी नातीला हे सांगायला गेले तर ती म्हणाली, “आज्जी, उसमें क्या, माझ्या फोनवर सगळी इंस्ट्रूमेंट्स आहेत.” तिनं एक बटण दाबून मला सारंगी ऐकवलीसुद्धा. मी म्हटलं, छान आहे. म्हाताऱ्या माणसानं प्रत्येक वेळी भांडायचं नसतं.

बाबांनी ठरवलं की आपल्या शाळेतल्या छोट्यांसाठी असंच काही करायचं, आपल्या वाद्यांचं. चाल कुठली घ्यायची यावर त्यांचा बराच खल चालला. रागातली बंदिश नको, मुलं कंटाळतील. प्रार्थना नको, मुलं हात जोडून बसतील. तेव्हा थंडी सुरू झाली होती, आणि दुपारी गल्लीत गजकवाला यायचा. तीळ-गुळाची ती खुसखुशीत गजक ग्वाल्हेरच्या थंडीत ज्यानं खाल्ली नाही त्याला काय सांगावं! त्याची हाक लांबून यायची: “गज्जक... करारी गज्जक... मुँह में धरो, घुल जाए!” पहिला शब्द उंच जाऊन तिथेच तरंगायचा, आणि शेवट असा घरंगळत खाली यायचा. एका दुपारी बाबांनी जेवता जेवता उष्ट्या हातानंच ताटावर ठेका धरला आणि ओरडले, “हीच! हीच चाल!” आई म्हणाली, “आधी ताटातलं संपवा.” शहरातलं प्रत्येक पोर ती हाक ओळखत होतं. ती हाक प्रत्येक वाद्यानं आपापल्या आवाजात द्यायची, असा बेत ठरला.

माणसं घरचीच जमली. तात्यांची सारंगी, बाबांचं व्हायोलिन, सुभेदारकाकांचं क्लॅरनेट. आई जलतरंग वाजवायची, चिनी मातीच्या वाट्यांत कमीजास्त पाणी भरून काड्यांनी. एरवी त्याच वाट्यांत आम्ही श्रीखंड खायचो. तबल्याला माझा दिनूमामा, तो बिर्लानगरच्या एका मिलमध्ये कारकून होता. आणि लग्नाच्या बँडमधला मुन्नालाल त्याचा मोठा ढोल घेऊन येणार होता. बोलून ओळख करून देण्याचं काम माझं, कारण पाठांतर. त्या दिवसांत तात्यांची किरकिर सकाळी जास्तच लवकर सुरू व्हायची. एकदा मी दारातून पाहिलं, तर ते गजकवाल्याची हाक वाजवत होते, थांबत होते, मान हलवून पुन्हा वाजवत होते. ती हाक फार तर मिनिटभराची. पण ते मिनिट त्यांच्या एकट्याचं असणार होतं, जन्मात पहिल्यांदा. हे घरात कोणी बोलून दाखवलं नाही, तरी सगळ्यांना माहीत होतं. आईनं त्यांचा कोट धुऊन इस्त्रीला दिला.

मग एका संध्याकाळी सगळे आमच्याकडे जमले, आईनं मटारच्या करंज्या तळल्या, आणि बाबांनी क्रम वाचून दाखवला. “आधी सारंगी. मग व्हायोलिन, क्लॅरनेट, जलतरंग, तबला आणि शेवटी ढोल.” तात्यांनी हातातली अर्धी करंजी बशीत ठेवली, “बरं” म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. मला काही समजेना. मग दिनूमामानं कपाळावर हात मारून घेतला तेव्हा उलगडा झाला. आमच्याकडे मैफलीत आधी बसतो तो सगळ्यात लहान, मग त्याहून मोठा, आणि शेवटी सगळ्यात बुजुर्ग. आधी बसणं म्हणजे अजून पोरगं असणं. तात्यांना जन्मात एकदा एकट्यानं वाजवायला मिळत होतं, आणि धाकट्या भावानं त्यांना पोराच्या जागी बसवलं होतं, लग्नातल्या ढोलाला बुजुर्गाच्या.

दुसऱ्या दिवसापासून तात्यांचं ताट त्यांच्या खोलीत जायला लागलं आणि दोघा भावांमधला टपाल्या मी झाले. दोघं एकाच खोलीत हाताच्या अंतरावर बसलेले असत. “मालू, सांगून दे तुझ्या बापाला, मला वेळ नाहीये.” “मालू, त्यांना म्हणावं, सारंगी माणसाच्या गळ्याच्या सगळ्यात जवळची. मुलांना गळा ओळखीचा असतो, म्हणून तिथून सुरुवात. यात अपमान कसला?” तात्यांनी बोटांची पावडर पुसली आणि मग म्हणाले, “गळ्याच्या जवळ मी जन्मभर बसलोय म्हणावं. गळ्याच्या मागे.” हा निरोप मी पोचवला नाही. पोचवायची गरजही नव्हती, बाबा तिथेच खाली मान घालून बसले होते.

बाबांनी बाकीच्यांना विचारून पाहिलं, तर प्रकरण आणखीच चिघळलं. सुभेदारकाका म्हणाले, “तात्यांच्या मागून मी वाजवू? मास्तर, माझ्याकडून नाही होणार. लोक म्हणतील, सुभेदाराला चरबी चढली!” दिनूमामा म्हणाला, मी नातं म्हणून काही बोलत नाही, पण माझंही तेच मत. म्हणजे तात्या पहिले बसायला तयार नाहीत, आणि बसले असते तरी त्यांच्यानंतर वाजवायला कोणी तयार नाही. आईनं भाजी चिरता चिरता सांगितलं, “मला कुठेही ठेवा, पण वाट्यांत पाणी भरल्यावर कोणी धक्का देऊ नका म्हणजे झालं.” आणि मुन्नालाल तर म्हणाला, “हम तो बारात में सबसे आगे ही चलते हैं मास्साब, हमको क्या दिक्कत है?” त्या सगळ्या जाणत्या माणसांत शहाणे हे दोघंच होते. शेवटी बाबांनी क्रम सरळ उलटा केला. आधी ढोल, शेवटी सारंगी. सुभेदारकाका खूश, मामा खूश. तात्यांचं ताट पुन्हा सगळ्यांबरोबर आलं, पण बाबांशी बोलणं माझ्यामार्फतच चालू राहिलं. रुसवा गेला तरी त्याची सवय जायला वेळ लागतो. आणि आमच्या त्या संगीतात मुरलेल्या घरात एकालाही हे सुचलं नाही की समोर मैफलीतले रसिक नाहीत, पहिली-दुसरीची पोरं बसणार आहेत.

शाळेच्या दालनात सतरंज्या पसरल्या होत्या. पोरं थंडीनं एकमेकांना चिकटून बसलेली. मी माईकसमोर उभी राहिले आणि मुन्नालालनं ढोलावर गजकवाल्याची हाक अशी दणकून दिली की पहिल्या रांगेतल्या एका पोरानं भोकाड पसरलं आणि बाकीची किंचाळून हसायला लागली. मग तबला. मग मी म्हटलं, “ये जलतरंग है. इसमें पानी है, लेकिन पीना नहीं है,” हे पाठातलं नव्हतं, मला आयत्या वेळी सुचलं, आणि पोरं इतकी हसली की मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपणही या घरातल्याच आहोत. पण आमची माणसं शेवटी मैफलीतली. मिनिटभर वाजवा म्हटलं तरी त्यांना दाद मिळाली की हात आवरेना. मामानं दोन तुकडे जास्तीचे घेतले. सुभेदारकाकांनी तर आपल्या बँडच्या दिवसांतलं काय काय त्या हाकेत मिसळलं. बाबांच्या व्हायोलिनपर्यंत शाळा सुटायची वेळ झाली होती, पोरं चुळबुळत होती, आणि जिची हाक ती मघापासून ऐकत होती ती गजकच नेमकी दारात आली. बड्या बहनजींनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मुलांना गंमत म्हणून मागवली होती, कार्यक्रम संपल्यावर वाटायला. चपराशानं घड्याळ पाहिलं आणि टोपल्या आणून ठेवल्या. तिळाचा भाजका वास सगळ्या दालनात पसरला.

मी म्हटलं, “और अब, सारंगी.” तात्या पुढे येऊन बसले. इस्त्रीचा कोट, कपाळाला गंध. त्यांनी तारेवरून एकदा गज फिरवला, आणि थांबले. इतका वेळ गार दालनात पडून तरफा बेसूर झाल्या होत्या. दुसरा कोणी असता तर तसंच रेटून नेलं असतं, पोरांना काय कळतंय! पण तात्या म्हणायचे, लहान मुलाला बेसूर ऐकवणं म्हणजे पहिल्याच घासाला खडा. त्यांनी खुंटीला हात घातला. टुंग. किरकिर. टुंग. पोरांनी थोडा वेळ पाहिलं. मग शाळेची घंटा झाली, आणि मग काय विचारता! सगळं दालन उठलं. बहनजी “बैठो, बैठो!” म्हणत राहिल्या, पोरं टोपल्यांवर पडली, हातात गजक घेऊन पटांगणात, तिथून फाटकाकडे. सुभेदारकाका क्लॅरनेटच्या पेटीत पाहत राहिले. आईनं डोळ्याला पदर लावला. बाबा व्हायोलिन हातात घेऊन तात्यांच्या मागे उभे होते, आणि त्यांचा चेहरा मला बघवेना. तात्यांनी मान वर केली नाही. ते तरफा लावतच राहिले, जणू काही घाई नव्हतीच.

कंपू मोहल्ल्याकडे जाणाऱ्या तांग्याची पाच-सहा पोरं तेवढी उरली होती, त्यांचा तांगा अजून यायचा होता. ती गजक खात खात जवळ आली. त्यातल्या एका पोरीनं विचारलं, “बाबाजी, आप बजाते क्यों नहीं?”

तात्या म्हणाले, “ये तार मान नहीं रहा, बेटा.”

“कौन सा?”

तात्यांनी पहिल्यांदा मान वर केली. मग ते सारंगी घेऊन व्यासपीठावरून खाली उतरले आणि सतरंजीवर त्या पोरांत मांडी घालून बसले. “ये वाला. रुक, दिखाता हूँ.” तिच्या हातातल्या गजकच्या कागदाची एक बारीक चिंधी त्यांनी फाडली, दुमडली आणि एका तरफेवर अलगद बसवली. “अब इसको कोई छूना मत. मैं भी नहीं छूऊँगा.” आणि वरच्या तारेवर गज ओढला. कागद थरथरला आणि टुणकन उडाला.

“किसने गिराया?” पोरगी म्हणाली.

“आवाज़ ने.”

“झूठ! फिर से करो.”

तात्यांनी कागद पुन्हा ठेवला. दुसरा सूर लावला, कागद ढिम्म. “ये उसका सुर नहीं है, इसलिए सोया पड़ा है.” पुन्हा पहिला सूर, आणि कागद उडाला. “फिर से! फिर से!” पोरं आता त्यांच्या मांडीला मांडी लावून बसली होती, एकाचा चिकट हात सरळ कोटावर. मग तात्यांनी गजकवाल्याची हाक वाजवली. इतका वेळ सगळ्या वाद्यांवर मी ती ओळखत होते, इथे मला शब्दच ऐकू आले, करारी, घुल जाए, सगळे. बाहेर पटांगणात गजकवाला आला की काय म्हणून काही पोरं माघारी दारात येऊन उभी राहिली, तोंडात गजक तशीच. तांगेवाला आत येऊन ओरडला, “अरे चलो, घोड़ा बिगड़ रहा है!” तरी त्यातलं कोणी उठलं नाही.

घरी जाताना तांग्यात आईच्या मांडीवर वाट्यांची टोपली होती. अर्ध्या वाटेवर तात्या म्हणाले, “विनू.” मी दचकून इकडे-तिकडे पाहिलं, निरोप मला नव्हता, हाक थेट बाबांना होती. “तूच बरोबर होतास. पुढच्या खेपेला मला पहिला ठेव.”

बाबा म्हणाले, “तात्या, तुमच्यामागून सुभेदार वाजवायला तयार होणार नाहीत.”

“त्याला मी बघतो. ताजी पोरं मला दे. दमलेली तुम्ही सगळे वाटून घ्या.”

पुढची खेप दिनूमामानं घडवून आणली, बिर्लानगरला, मिलमधल्या कामगारांच्या मुलांसाठी, उघड्या मैदानावर. तात्या पहिले बसले. घरून तरफा लावून आणल्या होत्या, वर शाल गुंडाळली होती. कागद उडाला, हाक झाली, मैदान नुसतं ओरडत होतं. मग तात्या उठले आणि परत मागे जाऊन बसण्याऐवजी खाली उतरून पोरांत जाऊन बसले. बाबांनी व्हायोलिन उचललं. दोघा भावांनी वर्षानुवर्षं एका ओळीत बसून वाजवलं होतं. तात्यांनी बाबांना श्रोत्यांत बसून, समोरून कधी ऐकलंच नव्हतं. हाकेचा शेवट खाली घरंगळत आला आणि तात्यांनी मैफलीत देतात तशी खणखणीत दाद दिली, “वाह, विनू!” शेजारच्या पोरांना वाटलं, असंच म्हणायचं असतं. लगेच सगळ्यांनी गळे काढले, “वाह, विनू!” बाबांचा गज हातातल्या हातात थांबला. ते हसत होते आणि त्यांचे डोळे वाहत होते.

मग तो पायंडाच पडला. क्लॅरनेट सुरू झालं की पोरं तात्यांना विचारायची, “इनका नाम क्या है?” आणि ओरडायची. सुभेदारकाकांचं नाव रघुनाथ आहे हे मला त्या दिवशी कळलं. आईला “वाह, सुमन!” मिळाली तेव्हा ती लाजून एक वाटी चुकली. मामा झाला, मुन्नालाल झाला. सगळं संपलं आणि लोक उठायला लागले, तेव्हा तात्यांच्या शेजारची एक लहान पोर त्यांचं कोपर ओढून म्हणाली, “और आपका?”

तात्या वाजवून गेले तेव्हा ही पद्धत सुरू व्हायची होती, त्यामुळे ते तेवढे राहून गेले होते. त्यांचं नाव गजानन. ते घेणारं जगात कोणी उरलं नव्हतं. आजी-आजोबा कधीच गेले होते, आणि बाकी आम्ही सगळे त्यांच्याहून लहान. तात्यांनी खाली वाकून ते तिच्या कानात सांगितलं. ती उठून उभी राहिली आणि तिनं ते सगळ्या पोरांना ओरडून सांगितलं, आणि ते मैदानभर पोरं एका आवाजात गरजली, “वाह, गजानन!” तात्यांनी आधी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग गवई घेतात तशी, हात कपाळाला लावून, त्यांनी ती दाद घेतली.